खान्देशच्या उन्हात डिस्टिल्ड वॉटर : वाफेचं पाणी घरच्या घरी कसं करावं

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडच्या दुकानांत दोन गोष्टींना एकदम गिऱ्हाईक येतं : कूलरचं गवत आणि बॅटरीत टाकायचं पाणी. दोन्हींमागचं कारण एकच, उन्हानं पाणी उडून जातं. कूलरमधलं उडालं तर ते आपल्याला हवंच असतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं उडालं की भरून काढावं लागतं, आणि तिथे नळाचं किंवा बोअरचं पाणी चालत नाही. बोअरच्या पाण्यात काय काय असतं ते पाहायचं असेल तर कूलरचं गेल्या वर्षीचं गवत उपसून बघा. पांढरी, खरबरीत खपली हाताला लागते, काड्या मोडल्या तरी ती सुटत नाही. हे झाले दिसणारे क्षार. न दिसणारं क्लोराइड आणि लोह बॅटरीला जास्त मारतं : क्लोराइडनं प्लेटा झिजतात, लोहानं बॅटरी बसल्या जागी उतरते.

म्हणून क्षार मागे ठेवून फक्त पाणी वेगळं काढायचं. पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेचं पुन्हा पाणी करायचं. क्षार वाफेबरोबर उडत नाहीत, ते तळाशी राहतात.

आधीच सांगतो, वर्षाला पाच लिटरचा एखादा कॅन लागत असेल तर तो दुकानातून आणा. घरी त्यासाठी उन्हावर चालणारी पेटी करायची तर पत्रा, काच, सिलिकॉन यांचा खर्च त्यातून कधी वसूल होणार नाही. पण घरी इन्व्हर्टर, दारात ट्रॅक्टर, मळ्यात सौर दिव्यांच्या बॅटऱ्या, शिवाय वाफेची इस्त्री असं सगळं असेल, किंवा मुलांना हे प्रत्यक्ष दाखवायचं असेल, तर गच्चीवरची एक पेटी उन्हाळाभर काम देते.

अवघड भाग कुठला

लोकांना वाटतं, पाणी उकळणं हे मोठं काम. खान्देशात तर ते सगळ्यात सोपं. अवघड आहे ते वाफ निववणं. हिशेब बघा. ३० अंशांचं एक लिटर पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी १०० अंशांवर पूर्ण वाफ करायला आणखी सुमारे २,२५० किलोज्यूल, म्हणजे साडेसात पट. ही उष्णता वाफ आपल्यासोबत घेऊन जाते. वाफेचं पाणी व्हायचं तर ती सगळीच्या सगळी कुणीतरी तिच्याकडून काढून घ्यायला हवी. कुणी काढून घेतली नाही तर वाफ वाफच राहते आणि फटीतून निघून जाते.

भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात हेच काम प्रचंड प्रमाणावर चालतं. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली वाफ कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी होते आणि बॉयलरमध्ये परत जाते. तिच्याकडून काढलेली उष्णता शेवटी शीतकरण मनोऱ्यांतून हवेत सोडावी लागते. तिथून ढगासारखं जे पांढरं वर चढताना दिसतं, त्याला पुष्कळजण धूर समजतात.

मग सिलिंडरमधल्या गॅसचं काय, असा प्रश्न साहजिक आहे. तोही द्रवच असतो, पण तो गार करून नव्हे, दाबून ठेवलेला असतो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात, आणि हे दोन्ही आपल्याकडच्या कुठल्याही तापमानाला दाबाखाली द्रव होतात. सगळे वायू असे गरीब नसतात. प्रत्येक वायूचं एक ठरलेलं तापमान असतं. त्याच्या वर कितीही दाबा, द्रव होत नाही. थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली कार्बन डायऑक्साइडवर हे दाखवून दिलं. त्याचं ते तापमान सुमारे ३१ अंश आहे. म्हणजे मे महिन्यात जळगावच्या एखाद्या न झाकलेल्या व्हरांड्यात टांगलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक नळकांड्यात दुपारी द्रव उरलेलाच नसतो. रात्री पारा ३१ च्या खाली आला तर पुन्हा होतो. ऑक्सिजनचं हे तापमान उणे ११८ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे तो नुसत्या दाबानं कुठेच द्रव होत नाही. पाण्याचं ३७४ अंश. म्हणून आपल्याला दाबाची गरज नाही, नुसतं निववणं पुरे.

आधी चुलीवर करून पाहा

पेटीच्या नादी लागण्याआधी ही क्रिया एकदा स्वयंपाकघरात बघून घ्या. सात-आठ लिटरचं पातेलं घ्या. तळाशी कुकरमधली जाळी ठेवा आणि तिच्यावर स्टीलची जड वाटी किंवा छोटा डबा. डबा तरंगणार नाही आणि त्याच्या काठाच्या बरंच खाली राहील एवढं पाणी पातेल्यात ओता. वर झाकण उलटं ठेवा, मूठ आतल्या बाजूला, बरोबर डब्याच्या वर. झाकणाच्या खोलगट भागात बर्फ टाका. आच मंद ठेवा. पाणी खळखळून उकळू देऊ नका, नाहीतर खालचं खारं पाणी उडून डब्यात पडतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

थोड्या वेळानं झाकणाच्या खालच्या बाजूला थेंब धरतात, मुठीकडे ओघळतात आणि डब्यात पडतात. बघायला मजा येते. आणि तेवढ्यात वरचा बर्फ संपतो. तो किती झपाट्यानं संपतो तेच लक्षात घ्या. एक किलो बर्फ वितळून त्याचं पाणी ४० अंशांपर्यंत तापेपर्यंत सुमारे ५०० किलोज्यूल उष्णता घेतो. एक लिटर वाफेच्या पाण्याला २,२५० काढायचे आहेत. म्हणजे लिटरमागे साधारण साडेचार किलो बर्फ! बर्फाऐवजी टाकीचं ३० अंशांचं पाणी वापरलं आणि ते ६० अंशांपर्यंत तापू दिलं, तर लिटरमागे अठरा लिटर. टँकरच्या गावात एक लिटर मिळवायला अठरा लिटर तापवून ओतून देणं कुणाला परवडणार?

सातपुड्याच्या पट्ट्यात मोहाची फुलं गाळायची जुनी रीत याच तत्त्वावर चालते : खाली उकळतं मडकं, वर गार पाण्याचं भांडं, आणि वरचं पाणी कोमट झालं की लगेच बदलायचं. घरी दारू गाळणं गुन्हा आहे, तिकडे वळू नका. पण गाळणाऱ्याचं लक्ष खालच्या जाळापेक्षा वरच्या पाण्यावर जास्त असतं, ते उगाच नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. कुकरच्या शिट्टीच्या नळीला पाईप जोडून वाफ बाहेर काढण्याचे प्रकार मोबाईलवर दाखवतात. तो पाईप कुठे दबला, वाकला किंवा तुंबला तर कुकर फुटू शकतो.

गच्चीवरची पेटी

बर्फ नको, पाणी नको, गॅसही नको, अशी सोय हवी असेल तर निववण्याचं काम हवेवर सोपवावं लागतं. ४४ अंशांच्या झळा कुणाला काय गार करणार, असं वाटेल. पण पेटीच्या आतलं पाणी ६०-७० अंशांपर्यंत चढतं. त्याच्या मानानं ४४ अंशांचं वारं चांगलंच थंड. वरची काच वाऱ्यानं पाण्यापेक्षा गार राहते, आतली वाफ तिला चिकटते, पाणी होते आणि उतारानं खाली येते. एवढंच हे यंत्र.

ही काही नवी युक्ती नाही. चिलीच्या वाळवंटात लास सालिनास इथे चार्ल्स विल्सन यांनी १८७२ साली अशाच काचेच्या पेट्यांचा कारखाना उभारला होता. सुमारे ४,७०० चौरस मीटर काचेखाली चांगल्या दिवशी २० हजार लिटरच्या वर गोडं पाणी निघायचं, तेही सोऱ्याच्या खाणीवर राबणाऱ्या खच्चरांना प्यायला.

आपली पेटी एक मीटर लांब, एक मीटर रुंद धरू. कूलरच्या बॉडी आणि धान्याच्या कोठ्या बनवणारा कारागीर जीआय पत्र्यात ती सहज करून देतो. त्याला नीट सांगायचं ते असं : पुढची भिंत १० सेंटीमीटर, मागची ३७, दोन्ही बाजू तिरप्या. म्हणजे वर ठेवलेल्या काचेला साधारण १५ अंशांचा उतार मिळतो. सांधे पाणी धरतील असे पक्के हवेत. मागच्या भिंतीत वरून पाणी भरायला एक नळी, बाजूच्या भिंतीत तळापासून तीन सेंटीमीटरवर जादा पाणी जायला एक भोक, आणि तळाच्या कोपऱ्यात खारं पाणी काढायला बूच.

सगळ्यात महत्त्वाची आहे आतली पन्हाळ. पुढच्या भिंतीच्या आतल्या अंगाला, काचेच्या खालच्या कडेच्या लगोलग खाली, अॅल्युमिनियमची यू आकाराची पट्टी बसवायची. काचेवरून ओघळणारा थेंब तिच्यातच पडला पाहिजे. ती एका बाजूला दीड-दोन सेंटीमीटर उतरती ठेवा आणि त्या टोकाला नळी काढून बाहेर बाटलीत सोडा. बाटली पेटीच्या खाली आणि सावलीत ठेवायची. पन्हाळीचा तळ आतल्या पाण्यापासून चार-पाच सेंटीमीटर वर हवा, नाहीतर पेटीला धक्का लागला की खारं पाणी पन्हाळीत जातं. कारागीर घाईत असला तर ही पन्हाळ सपाट बसवतो. घेताना त्याच्यासमोरच वाटीभर पाणी ओतून बघा.

तळाला आतून काळा, चकाकी नसलेला रंग द्या. रंग वाळल्यावर पेटी आठवडाभर उघडी उन्हात तापू द्या, वास पूर्ण गेला पाहिजे. रंग नकोच असेल तर तळाशी ओट्याच्या कडाप्प्याचे पातळ तुकडे बसवता येतात. काळा दगड ऊन ओढतो. सकाळी तापायला उशीर लावतो पण संध्याकाळी तेवढाच वेळ उष्णता धरून ठेवतो. पेटीच्या खाली आणि बाजूंना लाकडाचा भुसा किंवा कडब्याची कुट्टी गोणपाटात भरून चार बोटं जाड थर द्या. तापलेल्या पेटीची उष्णता खाली स्लॅबमध्ये जायला नको.

एक ताकीद. गावाकडे फवारणीच्या औषधाचे रिकामे ड्रम, कॅन सर्रास वापरात असतात. ते या कामात कुठेही आणू नका, ना पाणी भरायला ना साठवायला. क्षार मागे राहतात हे खरं, पण काही औषधं आणि पेट्रोलसारखे पदार्थ पाण्याबरोबर उडतात आणि थेट तुमच्या बाटलीत येतात.

काच ४ मिलिमीटरची साधी पांढरी घ्या. काचेच्या मापात कंजुषी चालत नाही : १०२ बाय १०६ सेंटीमीटर, म्हणजे चारी बाजूंना थोडी टेकायला जागा राहते. वजन ११ किलोच्या आसपास भरतं, बसवताना दोघं हवेत आणि हातात जाड मोजे. प्लॅस्टिकचा कागद स्वस्त पडतो म्हणून तो लावायचा मोह होतो, पण त्यावर पाणी थेंबाथेंबानं धरतं आणि अर्धे थेंब पन्हाळीपर्यंत न पोचता परत खाली पडतात. काचेवर ते सलग थरासारखं पसरून ओघळतं. मात्र काच स्वच्छ हवी. नव्या काचेला कारखान्यातला तेलकटपणा असतो. भांड्याच्या साबणानं घासा, भरपूर पाण्यानं धुवा, आणि त्यानंतर आतल्या बाजूला बोट लावू नका.

काच सिलिकॉननं चिकटवा आणि दोन दिवस वाळू द्या. एक बाजू सिलिकॉनऐवजी रबरी पट्टी आणि क्लिपांनी बंद केली तर साफ करायला सोपं जातं, पण ती बाजू वाफ सोडते, मग तक्रार करायची नाही.

ठेवायची कुठे, भरायची कशी

दिवसभर सावली येणार नाही अशी जागा बघा आणि काचेचा उतार दक्षिणेकडे करा. मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगावच्या अक्षांशावर सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो, तेव्हा दिशेनं फारसा फरक पडत नाही. थंडीत मात्र पडतो. गच्चीवर जागेचं भांडण ठरलेलं : त्याच महिन्यांत घरातल्या बायकांना बिबडे, कुरडया आणि उडदाचे पापड वाळवायचे असतात, आणि त्यांचा हक्क जुना आहे. पेटी पाण्याच्या टाकीशेजारी, एका कडेला बसवा.

पेटी समपातळीत बसली पाहिजे. गवंड्याची लेव्हल-पाईप लावून चारही कोपरे बघा. एका कोपऱ्यात पाणी जास्त आणि दुसरा कोरडा राहिला तर कोरड्या भागावर क्षार भाजून चिकटतात.

पाणी सकाळी, उन्हाआधी भरा, दोन सेंटीमीटरपर्यंतच. एवढ्या पेटीत ते वीस लिटर होतं. जास्त भरलं तर जास्त मिळेल हा गैरसमज आहे. खोल पाणी तापायलाच दुपार होते. नऊ-दहाच्या सुमाराला काच आतून धुरकट होईल. मग धुरकटपणा जाऊन ओघळ दिसू लागतील. दुपारी एक ते चार हा खरा हंगाम. सूर्य मावळल्यावर लगेच नळी काढू नका. पाणी अजून गरम असतं आणि काच झपाट्यानं निवते, त्यामुळे अंधार पडल्यावरही बराच वेळ धार चालू राहते.

किती मिळेल? मे महिन्यात आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण सहा युनिट विजेइतकं ऊन पडतं. साक्रीसारख्या तालुक्यात महानिर्मितीनं १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा केला तो या उन्हाच्या भरवशावरच. ६० अंशांच्या आसपास एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट लागतं, म्हणजे कागदावर नऊ लिटर. प्रत्यक्षात काच थोडं ऊन परत फेकते, तळ आणि बाजू उष्णता गळवतात, फटी वाफ सोडतात. हातात तीनेक लिटर येतात. नीट बांधलेल्या पेटीतून थोडं जास्त. थंडीत हे निम्म्यावर येतं आणि ढगाळ श्रावणात नावापुरतं.

कुणी सुचवेल, काचेवर वरून पाणी शिंपडा, ती आणखी निवेल आणि उत्पन्न वाढेल. वाढतं खरं, पण बोअरच्या पाण्यानं शिंपडलं तर दोन आठवड्यांत काचेवर कूलरच्या गवतासारखीच खपली धरते आणि ऊनच आत जात नाही. त्यापेक्षा रोज सकाळी धूळ पुसा. खान्देशातल्या वावटळींनंतर तर नक्कीच.

दर तीन-चार दिवसांनी बूच काढून तळाचं खारं पाणी सोडून द्या आणि ताजं भरा. क्षारांची साय धरू दिली की तळ काळा न राहता पांढरा होतो, आणि पांढरा तळ ऊन परतवतो. साय धरलीच तर लिंबू किंवा व्हिनेगर लावून तासभर ठेवा आणि चिंधीनं पुसा. तारेच्या घासणीनं रंग निघतो.

पाणी खरंच शुद्ध झालं का

पहिल्या तीन-चार दिवसांचं पाणी झाडांना घाला. रंगाचा, सिलिकॉनचा अंश त्यात असतो. नंतर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, लावा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतं आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतं. आपल्या पेटीचं पाणी १० च्या आत यायला हवं. चाळीस-पन्नास दाखवत असेल तर कुठून तरी मूळ पाणी मिसळतंय. बहुतेक वेळा पन्हाळ पाण्याला फार जवळ असते, नाहीतर बाटली नीट धुतलेली नसते.

काचेवर धुकं भरपूर पण बाटली रिकामी, असं झालं तर काच तेलकट आहे किंवा उतार कमी पडतोय. काच आतून कोरडीच राहत असेल तर वाफ फटीतून पळतेय. संध्याकाळी सांध्यांवरून हात फिरवा, गरम ओलावा जिथे लागेल तिथे सिलिकॉन भरा.

एसीच्या पाईपमधून ठिबकणारं पाणी थेट बॅटरीत टाकणारे लोक आहेत. तेही वाफेचंच पाणी, पण ते कॉइलवरची धूळ, शेवाळ आणि धातूचा अंश घेऊन येतं. इस्त्रीत चालवून घ्या, बॅटरीत नको. मडक्याच्या पाण्याचा ग्लास मे महिन्यात बाहेरून कोरडाच राहतो आणि फ्रीजच्या बाटलीला मात्र घाम फुटतो, हे पाहिलं असेल. हवा इतकी कोरडी असते की तिच्यातली वाफ १२-१५ अंशांच्या खाली गेल्याशिवाय पाणी होत नाही. त्यामुळे भर उन्हाळ्यात एसीचं पाणीही आपल्याकडे फारसं गळत नाही. ते पावसाळ्यात गळतं.

साठवायला काचेची बरणी किंवा डिस्टिल्ड वॉटरचाच जुना कॅन वापरा. लोखंडी किंवा पितळी भांडं नको. पिण्यासाठी हे पाणी बनवलेलं नाही, म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'बॅटरी' असं लिहा, म्हणजे पाहुणा उन्हातून येऊन घोट घेणार नाही.

बॅटरीत भरताना

इन्व्हर्टर बंद करा, खिडक्या उघडा, जवळ विडी-काडी नको. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरच पाणी टाका. चार्ज होताना आतला द्रव फुगून वर चढतो. आधीच काठोकाठ भरलं तर आम्ल बाहेर येतं आणि खालची फरशी खातं. फक्त एक अपवाद : प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढं आधी टाका, चार्ज करा, मग उरलेलं भरा. तरंगत्या दांडीच्या लाल-हिरव्या खुणेवर लक्ष ठेवून प्रत्येक कप्प्यात थोडं थोडं ओता. उडालंय ते पाणी, आम्ल आतच आहे, म्हणून वरून आम्ल कधीही घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

बुचं लावून बॅटरीचा माथा ओल्या फडक्यानं पुसून कोरडा करा. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घासा, पण ते सोड्याचं पाणी बुचातून आत जाता कामा नये. टर्मिनल कोरडं झालं की व्हॅसलीनचं बोट फिरवा आणि इन्व्हर्टर चालू करा.